झाकणावरचे नंबर

जालना जिल्ह्यात एखादी गोष्ट बिघडू शकते आणि तिची काळजी आमच्या सरांनी आधीच करून ठेवलेली नाही, असं होणंच शक्य नाही. आमचा गट विद्यापीठात पर्यावरणशास्त्राचं संशोधन करतो, म्हणजे सरळ सांगायचं तर गावोगावच्या विहिरींचं पाणी बाटल्यांत भरून आणतो आणि तपासतो. सर आमचे गाईड. राहायला जुन्या जालन्यात, मस्तगडला. जीव मात्र सगळा प्रयोगशाळेतल्या फ्रीजमध्ये. रविवारी सकाळी मला फोन यायचा, "बाई, फ्रीज चालू आहे ना? जरा आवाज ऐकवा." मग मी होस्टेलवरून पळत जायचे आणि मोबाइल फ्रीजला लावून उभी राहायचे. पलीकडे सर श्वास रोखून ती घरघर ऐकायचे आणि म्हणायचे, "आज आवाज जरा बारीक वाटतोय." आता फ्रीजला काय सर्दी होणार होती?

बाटली भरण्याआधी त्याच पाण्यानं तीनदा विसळायची असते. सर ते मोठ्यानं मोजायचे, आणि मध्ये कुणी रामराम घातला की पुन्हा एकपासून सुरू. गावातले टवाळ लोक मुद्दाम दोनावर रामराम घालायचे. जीपमध्ये बर्फाची पेटी पुढच्या सीटवर, तिला पट्टा बांधलेला, आणि सर मागे आमच्यात अंग चोरून बसलेले. ठाम उत्तराचं तर नावच नको. काकूंनी विचारलं, चहात साखर बरोबर आहे का, तर म्हणायचे, "एका घोटावरून सांगता येणार नाही." काकू आम्हाला सांगायच्या, "अगं, लग्नाचा होकारसुद्धा यांच्या वडिलांनी दिलाय. यांचा अजून यायचाय."

सरांचा पहिला नियम असा की नंबर बाटलीवर लिहायचा, झाकणावर नाही. पण बर्फातल्या बाटलीला घाम सुटतो, शाई पसरते. म्हणून कुंभार पिंपळगावला मी शहाणपणा केला आणि एकाच घरच्या दोन बाटल्यांचे नंबर झाकणांवर लिहिले. एक घरातल्या बोअरची, दुसरी शेतातल्या विहिरीची. प्रयोगशाळेत दोन्ही झाकणं एकदमच काढून टेबलावर ठेवली. तपासणीत एका पाण्यात नायट्रेट भलतंच निघालं. कुठल्या? झाकणांकडे बघितलं, पण कुठलं झाकण कुठल्या बाटलीचं, हे आता सांगताच येत नव्हतं.

कारण त्या घरात लेक बाळंतपणाला आलेली होती. दोन महिन्यांचं बाळ, आईला दूध पुरत नव्हतं, आणि पावडरचं दूध त्याच बोअरच्या पाण्यात कालवून चाललेलं मी डोळ्यांनी पाहिलं होतं. नायट्रेट म्हणजे खता-शेणातून पाण्यात उतरणारं विष. मोठ्या माणसाला एक वेळ पचेल, पण तान्हं बाळ त्यानं निळं पडतं.

मी रडत रडतच सरांना सांगितलं. त्यांनी लगेच त्या घरी फोन लावला, तो लागेना. आम्ही तसेच निघालो. वाटेत सरांनी नवीन बाटल्या घेतल्यात का हेसुद्धा विचारलं नाही, तेव्हा मात्र मला खरी भीती वाटली.

ओट्यावर आजी बाळाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. "आम्ही उकळून देतो ना पानी," त्या म्हणाल्या.

"उकळल्यानं हे जात नाही आजी, उलट वाढतं," मी म्हटलं.

"मंग खराब हाय का चांगलं, ते एकदाचं सांगा."

सर म्हणाले, "खराब आहे. बाळाला थेंबभर देऊ नका."

मी बघतच राहिले. दोन्हींतलं कुठलं पाणी खराब, हे सरांना माहीतच नव्हतं! आजींचा मुलगा तडकला. "मागं आल्ते तव्हा तपासल्याबिगर काहीच सांगत न्हाई म्हन्ले, अन् आता कसं सांगून राह्यले?"

"चुकलो तर हसा मला. बिलकुल हसा. पण आज हे पाणी देऊ नका," सर म्हणाले. त्यांनी जीपमधला आमचा पिण्याच्या पाण्याचा जार स्वतः उचलून आत नेला. मग दोन्हीकडचं पाणी आम्ही नव्यानं भरलं.

दोन दिवसांनी निकाल आला. बोअरचं पाणी स्वच्छ. खराब होती ती शेतातली विहीर, जिचं पाणी फक्त मोसंबीला जायचं. सरांनी आयुष्यात एकदाच न तपासता ठाम उत्तर दिलं होतं आणि ते साफ चुकलं होतं. आता फोन लागला. "आजी, मी चुकलो! साफ चुकलो!" लॉटरी लागल्यासारखे ते ओरडत होते. पलीकडून आजी म्हणाल्या, "चुकले तं चुकले. पोरगं बरं हाय, दूध पिऊन झोपलंय."

सरांनी फोन खाली ठेवला आणि मला विचारलं, "बाई, खायला काही आहे का?" त्या दोन दिवसांत अन्नाचा कण त्यांच्या पोटात गेला नव्हता, हे मला पुढे काकूंकडून कळलं.

झाकणांबद्दल सर मला आजपर्यंत एक शब्द बोललेले नाहीत. एकदा चांगले रागवले असते तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.