सातव्या चिठ्ठीले फिरलेलं सूप

सूप फिरलं! माह्या बोटावर, दाईमायचं नाव निघाल्याबरोबर, गर्रकन! आंगनातल्या बाया वरडल्या, "दाईच चोर!" मी म्हनून राह्यली, "मी नाई फिरवलं वो, आईची आन, मी नाई!" कोन आयकते? दाईमाय दारातच उभी होती. तिचं तोंड मातीसारखं झालं. तो दिवस माह्या डोक्यात नाई, बोटात राह्यला हाये.

नाचणगावाच्या पल्याड आमचं गाव. माह्या लेकराच्या पायातला चांदीचा वाळा हारपला. सासू सकाळपासून माह्या कानाशी, "तेल लावाले दाईच येते. पायाले हात तिचाच लागते. दाईच असंन." चूल पेटवतानी दाई, भाकर थापतानी दाई. मंग तिनं सूप काढलं. आमच्याकडं चोर असाच धरतेत. सुपाच्या काठात कैचीचं टोक खुपसाचं, कैचीच्या दोन कड्या दोघीनं एकेका बोटावर तोलाच्या, सूप खाली लोंबते. मंग एक जन नावं घेते. ज्या नावाले सूप फिरलं, तो चोर. एक कडी ननंदेच्या बोटावर होती, दुसरी माह्या.

पंचायनं ठरवलं, दुपारच्याले पारावर कढईत तेल तापवाचं, दाईनं त्यात हात घालाचा. खरी असंन तं भाजनार नाई म्हने.

खरी असंन! माह्यं लेकरू पायाळू. ज्या हातानं त्याले पायाकडून वढून जितं बाहेर काढलं, ते हात हे तेलात घालनार! अन् कोनाच्या साक्षीनं? माह्या बोटाच्या!

लेकरू कडेवर घेतलं अन् ठाण्यापर्यंत पळत गेली. शिपाई हासला, "कोनाविरुद्ध फिर्याद, बाई? सुपाले बेड्या ठोकू का?"

"मले ठोक! माह्या बोटाले ठोक! पन आंधी चाल, तेल तापून राह्यलं तथी!"

आतून ठाणेदारसायेब आले. शिपायाले म्हनले, "दात मिट, जबाब लिही." मंग मले इचारलं, "सूप धरण्याआधी तुझ्या मनात कोणाचं नाव होतं?"

"दाईचंच, सायेब."

"कोणी घातलं?"

"सासूनं."

सायेबानं टोपी घातली अन् बैलाची दमनी जुंपाले सांगतली.

आमी पोचलो तवा तेलाले धूर सुटला होता. दोघायनं दाईमायले दंडाले धरलं होतं. सायेबानं बुटानं जळती लाकडं बाहेर वढली. "सूप खरं बोलतं ना? मग माझ्यासमोर बोलू द्या." त्यायनं आठ चिठ्ठ्या लिहून घड्या केल्या, वर आकडे टाकले. मंग सासूकडं वाकून, पन साऱ्यायले आयकू जाईन असं म्हनले, "आजी, माझा खबऱ्या पक्का आहे. चोराचं नाव सातव्या चिठ्ठीत आहे."

पुन्हा आमीच दोघी. मी बोट दगडासारखं केलं. दात दाबले. देवा, यावेळी नाई हालू देनार. सायेब आकडे म्हनत गेले. एक, दोन, तीन… सूप थंड. सात.

फिरलं! मी वरडून रडली.

"पाह्यलं?" सासू म्हनली.

सायेबानं चिठ्ठी शाळेच्या मास्तराले वाचाले देली. मास्तर चाचरला. तिच्यात ठाणेदाराचंच नाव होतं.

"घाला माझा हात तेलात," सायेब म्हनले. कोनी हालेना. "सूप फिरत नाही. आधी मन फिरतं, मग बोट. बोटवालीलाही ते कळत नाही. चोरीची बोंब झाली की आधी बोंब मारणाऱ्याचं घर पाहावं."

झडती झाली. आंगनात ढोरायच्या सरकीचा ढीग होता. भांडे घासतानी मी लेकराले त्याच्यावर निजवत जावो, मऊ लागते म्हनून. शिपायानं कोपरापर्यंत हात घातला अन् वाळा काढला. थोच शिपाई! आता हासत नव्हता.

दाईमायची माफी कोनी नाई मांगतली. सासू म्हनली, "वाळा भेटला ना? मंग झालं!" झालं म्हने! माह्या आंगाची आग झाली.

सायेब आता पेन्शनीवर गेले. ही केस ते लोकायले सांगतेत, नाव कोनाचं घेत नाई. लोकं चिठ्ठीच्या जागी पोट धरून हासतेत. त्यायच्या गोष्टीत मी 'एक घाबरलेली बाई' हावो, अन् वाळा भेटला का केस संपते. कुठी संपली? म्हनून चौथी शिकलेली मी हे सांगून राह्यली.

मले पुन्हा सातवा म्हैना लागला. पह्यलं पायाळू होतं, आता धडकी भरते. परवा दाईमायकडं गेली, पाय धरले. तिनं उठवलं मले. "तुह्यावर राग नाई वो पोरी." मंग तेलाची वाटी हातात घेतली. हात असे कापाले लागले का तेल लुगड्यावर सांडलं. "पाह्य. भाजले नाई, साजरे हायेत. पन ऐन टायमाले असेच कापतेत. आता कोनाच्या बाळंतपनाले हात लावाची हिंमत नाई माही."

सूप मी नाई फिरवलं. पन फिरलं तं माह्याच बोटावर. तुमच्या बोटावर कैची असती, अन् सकाळपासून कानाशी एकच नाव असतं, तं तुमचं सूप थांबलं असतं का? सांगा ना, तुमी काय केलं असतं?