नलूमावशींनी वळवलेला बाक

नलूमावशी कुठल्याही मुलाच्या खोलीत शिरताना उघड्या दारावरही टकटक करायच्या आणि उत्तर येईपर्यंत खरोखर थांबायच्या. "नको" आलं तर परत फिरायच्या. पालघरच्या एका रुग्णालयात किशोरवयीन मनोरुग्णांच्या वॉर्डाची नवी रचना करायचं काम माझ्याकडे होतं, आणि मावशी तिथल्या आया. पालघरजवळच्या माहीमच्या, पानवेलींच्या वाडीतल्या. मला पहिल्याच आठवड्यात त्यांचा हेवा वाटू लागला. मुलं त्यांच्याशी बोलायची. मी आले की गप्प व्हायची.

बोईसरची एक सोळा वर्षांची मुलगी खोलीबाहेर येतच नव्हती. बैठकीच्या खोलीत बागेकडे तोंड करून मी बाक ठेवला आणि हा बाक तिला बाहेर आणेल, असं डॉक्टरांना सांगून बसले. आठवडाभर तो रिकामाच होता. मग एका सकाळी पाहिलं, तर बाक भिंतीला टेकवलेला, दाराकडे तोंड करून, आणि ती मुलगी त्यावर बसून मावशींबरोबर शेंगा सोलत होती.

"कुणी हलवला?"

"मी. पाठीमागून कोण येतंय ते दिसलं नाय तर ती बसेल कशी, बाय? तुमी बसाल?"

कँटीनमध्ये मी स्वतः कायम भिंतीला पाठ लावून बसते. म्हणूनच जास्त झोंबलं.

दुसऱ्या दिवशी मी बाक परत खिडकीसमोर नेला आणि जमिनीला बोल्टने पक्का करून घेतला. सुरक्षेचा नियम, असं सांगितलं. नियम खरा होता, माझं कारण खोटं. चार दिवस मुलगी बाहेर आली नाही. मावशींनी तक्रार केली नाही. ताट घेऊन तिच्या दाराशी थांबत राहिल्या.

पाचव्या दिवशी मीच विचारलं, "मावशी, नेमका कुठे ठेवू?"

त्या हसल्या नाहीत, याचाही मला राग आला. "वेलाला सावली लागते, पण काळोख नाय चालत," म्हणत त्यांनी भिंतीची जागा दाखवली. दार समोर, खिडकी बाजूला. बोल्ट तिथे मारले. दुपारी मुलगी येऊन बसली.

पुढे पाहणीला आलेल्या मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, "बाकाची कल्पना कुणाची?" मी मान खाली घालून म्हटलं, "माझी." मावशी मागेच चहा घेऊन उभ्या होत्या.

नंतर मी माफी मागू लागले, तर म्हणाल्या, "बरं केलंत. आयाचा बाक कोणीपण उचलला असता. मॅडमचा हाय, आता कोण हात लावत नाय."

महिन्याभराने ती मुलगी घरी गेली. मला लांबूनच "थँक्यू, मॅडम" म्हणाली. मावशींच्या खांद्यावर मात्र डोकं टेकून बराच वेळ उभी राहिली. मावशी आता निवृत्त होऊन माहीमला असतात. मी अजून भेटायला गेले नाही.