बिनभोकाचा शर्ट

माझ्या काकांचा एकही शर्ट कधी धड नव्हता. कपडे घ्यायची ऐपत नव्हती असं नाही. ते कापड धुऊन रंगवणाऱ्या कारखान्यात सांडपाण्याच्या टाक्या सांभाळायचे. तिथून येणाऱ्या पाण्यात कॉस्टिक सोडा इतका, की ते साबणासारखं बुळबुळीत लागायचं. ते तसंच ओढ्यात सोडलं तर मासे उताणे! म्हणून टाकीत ॲसिड घालून पाणी आधी ताळ्यावर आणायचं आणि मगच बाहेर सोडायचं. ॲसिड जरा जास्त पडलं, की पाणी भलत्याच टोकाला जायचं. त्यामुळे काका व्हॉल्व्ह केसाएवढा उघडून पाण्याचा आम्लपणा दाखवणाऱ्या मीटरकडे तासन्‌तास बघत उभे राहायचे. ॲसिडचे शिंतोडे मात्र उडायचेच, आणि शिंतोड्यांना काकांचे शर्ट फार आवडायचे.

संध्याकाळी काका आंघोळीला गेले, की काकी त्यांचा शर्ट दिव्यासमोर धरायची. भोकाभोकातून उजेड यायचा. मग ती शिवणाचा डबा काढून रफू करायला बसायची आणि काका शेजारी स्टूल ओढायचे. एरवी हा माणूस मोठा घुम्या. लग्नाकार्यात चार तास बसून ‘हं’ आणि ‘बरं’ एवढंच बोलणारा. पण सुई चालू झाली, की त्यांचं तोंडही चालू व्हायचं. कोणतं यंत्र रुसलं, कोण पोत्यांमागे झोपलेला सापडला, सगळं साग्रसंगीत. मी शेजारच्याच घरात राहायचे. माझा अभ्यास बहुतेक त्यांच्याच खोलीत व्हायचा, म्हणजे व्हायचा नाही.

मग एक दिवस नळी निसटली. ॲसिडनं काकांची अर्धी भुवई नेली. डोळा वाचला, तो निव्वळ नशिबानं. काकीनं आकांडतांडव केलं नाही. पट्टी बदलता बदलता शांतपणे म्हणाली, “त्या टाकीवर एक तर ॲसिड राहील, नाहीतर तुम्ही.”

काका ‘हं’ म्हणाले. पण ती ठरवूनच बोलली होती, हे त्यांना कळलं. टाक्या सोडून हा माणूस काय करणार होता? नोकरी सोडली असती तर महिन्याभरात वाळला असता. आणि नसती सोडली, तर काकीला रोज कारखान्याचा सायरन वाजला की धडकी. मला दोघांचीही काळजी वाटायची आणि रागही यायचा.

सुदैवानं कारखान्याच्या साहेबांनाही त्या भुवईची लाज वाटली असावी. त्यांनी ॲसिडऐवजी कार्बन डायऑक्साइड आणायचं ठरवलं. सोड्याच्या बाटलीत फसफसतो तोच गॅस. तळाच्या जाळीतून पाण्यात सोडला, की तिथे त्याचं सौम्य आम्ल होतं. जास्त झाला तरी ॲसिडनं जातं तसं पाणी एकदम भलत्या टोकाला जात नाही. पण साहेबांची अट होती. आलेल्या सिलिंडरांवर महिना निघाला तर गॅस राहील, आधीच संपले तर परवडत नाही म्हणून पुन्हा ॲसिड.

आणि सिलिंडर भराभर संपू लागले. काका जेवणाचा डबा घरी विसरू लागले. काकी रोज सकाळी विचारायची, “किती उरले?” काका चपला शोधायचे.

एक दिवस विसरलेला डबा घेऊन काकी स्वतःच निघाली, सोबत मी. इतक्या वर्षांत ती फाटकाच्या आत कधी गेली नव्हती. रखवालदारानं भुवईवाल्याची बायको म्हणून अदबीनं सोडलं. टाकी उघड्यावर होती. कठड्याशी काका उभे, आणि पाणी नुसतं खदखदत होतं.

“बघ,” काका अभिमानानं म्हणाले. “पूर्ण सोडलाय. याला घाबरायचं कारण नाही.”

आयुष्यभर थेंबाथेंबानं हात आखडलेल्या माणसाला पहिल्यांदाच मोकळा हात मिळाला होता. साहेबांनी हळू सोडायला सांगितलं होतं, पण काका त्यांना नुसतं ‘बरं’ म्हणाले होते.

काकीनं वाकून पाहिलं. “अहो, हे मोठमोठे बुडबुडे वर येऊन फुटतायत. मग तुमचा गॅस पाण्यात जातो की हवेत?”

काकाही वाकून बघू लागले.

“आच कमी करा आधी. दूध उतू घालवायचं आणि वर म्हणायचं, घरात दूध पुरत नाही!”

काकांनी व्हॉल्व्ह फिरवला. खदखद थांबली. आता तळातून मोहरीएवढे बुडबुडे निघत आणि वर यायच्या आत विरून जात. आम्ही तिघं मीटरकडे बघत उभे राहिलो. आकडा अकरावरून हलेना, आणि मग हळूहळू उतरू लागला. साडेसातच्या आसपास, म्हणजे पाणी ताळ्यावर आल्यावर, स्थिरावला तेव्हा काकीनं डबा काकांच्या हातात कोंबला आणि म्हणाली, “आता जेवा.” तिचे डोळे भरले होते. गॅसमुळे नाही.

महिना निघाला, एक सिलिंडर शिल्लक ठेवून. ॲसिडच्या टाकीला कुलूप लागलं. काकीनं कापड आणून नवा शर्ट शिवला, आणि काकांनी तो घातला त्या पहिल्या संध्याकाळी सवयीनं दिव्यासमोर धरला. कुठूनच उजेड आला नाही. तिनं तो छातीशी धरला आणि हसत सुटली.

पण पुढचे काही दिवस घरात फार शांतता होती. शिवणाचा डबा फळीवरच राहिला. काका स्टूल ओढायचे, इकडेतिकडे बघायचे आणि पुन्हा जागेवर ठेवायचे. काकी उगाच टेबल पुसायची. मला तर चक्क अभ्यास करावा लागला.

मग एके संध्याकाळी शर्टाचं एक बटण गायब. दुसऱ्या दिवशी आणखी एक. मी बघितलं, तर दोरा सरळ कापलेला.

“काकी, हे तुटलेलं नाही!”

“गप्प बस,” ती कुजबुजली. “माझी छोटी कात्री डब्याच्या पिशवीतून कारखान्यात जाते नि येते. बटणं पण त्याच पिशवीत सापडतात.”

काका आंघोळ करून आले आणि त्यांनी स्टूल ओढलं. काकीनं सुईत दोरा ओवला, गाठ मारली आणि त्यांच्याकडे न बघताच म्हणाली, “हं, बोला. काय झालं आज?”