गाणं वाजतं तेव्हा ते काय करतात

सेलूच्या बसस्थानकावर ‘जिंतूरला जाणारी गाडी फलाट दोनवर लागत आहे’ असं जो माणूस दिवसभर माइकवर सांगतो, त्याला स्वतःच्या घरात तोंड उघडायची चोरी झाली होती. सिद्धोधन त्याचं नाव. वय सेहेचाळीस, आवाज खणखणीत, आणि स्वभाव असा की एका जागी दहा मिनिटं बसला तर गल्लीनं येऊन विचारावं, बरं नाही का म्हणून.

घर स्टेशनच्या पलीकडं, दोन खोल्यांचं, भाड्याचं. त्यात तो आणि रामहरी, एकोणीस वर्षं. रामहरी कापसाच्या जिनिंगवर फिटर. गल्लीला ते ‘रूमपार्टनर’. एकाचं लग्न जमलं नाही, दुसऱ्यानं केलं नाही, एवढ्यावर लोकांचं समाधान झालं होतं, आणि लोकांनाही आपापली कामं असतातच की. नवरा-बायको म्हणता येत नव्हतं इतकंच. बाकी रुसवेफुगवे, आजारपण, एका ताटातलं उष्टं, एक पांघरूण, सगळं तेच.

जानेवारीत रामहरीची माय, सगुणाबाई, बोरीहून मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आली. मेंढरांमागं हिंडण्यात जन्म गेलेली बाई, कुणाच्या दारात दोन दिवस कधी बसली नव्हती. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, काळा गॉगल मिळाला, चष्म्याचा नंबर महिन्यानंतर. डावा डोळा पार गेल्यासारखाच. आल्याच्या तिसऱ्या दिवशी तिनं लेकाला सांगितलं, आणि ते बाहेरच्या खोलीत ऐकू जाईल अशा बेतानं सांगितलं.

“आता म्या हितंच ऱ्हाणार. चष्मा आला की त्या भाऊला दुसरी खोली बघायला सांग. लय दिस ऱ्हायला. माणसं येत्यात-जात्यात, बाहेरची खोली मोकळी पायजे.”

रामहरी काय म्हणाला असेल? “बघू, चष्मा तर येऊ दे.”

बघू! एकोणीस वर्षांच्या माणसाबद्दल बघू! सिद्धोधनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण भांडायचं कुठं? आत म्हातारी खाटेवर, रामहरी तिच्या पायथ्याशी खाली, आणि सिद्धोधनची वळकटी बाहेर, चपलांच्या शेजारी. भांडायलासुद्धा एकांत लागतो. तो नुसता आतबाहेर करायचा, दोनदा चहा ठेवायचा आणि एकदाही प्यायचा नाही. ड्यूटीवरून येताना गुपचूप दोन खोल्या बघून आला. एकीला खिडकी नव्हती, दुसऱ्या ठिकाणी घरमालकानं आधी आडनाव विचारलं आणि मग खोली कालच गेली म्हणाला.

त्यात साडेसातची मालिका. ती सिद्धोधन तीन वर्षं बघत होता, आणि शिव्या घालत बघत होता. मुंबईचं श्रीमंत घर, थोरला मुलगा निशांत, आणि त्याचा जोडीदार ओंकार. सात वर्षं एकत्र राहतात म्हणून घरातले सगळे कौतुक करतात. पण राहतात म्हणजे करतात काय? धाकट्या भावाची बायको दर आठवड्याला जिन्यात घसरते आणि तो तिला झेलून मिठीत घेतो. हे दोघं मात्र खिडकीत उभे राहणार, एकमेकांकडं बघणार, गाणं लागणार, पडदा उडणार, आणि कॅमेरा पडद्यावर. फारच झालं तर खांद्यावर हात. “सात वर्षं झाली रे बाबांनो, कधी एकमेकांची नखं तरी काढलीत का?” असं तो टीव्हीला विचारायचा. रामहरी हसून म्हणायचा, “आरं, दाखवायलेत हेच लय हाय.”

“तुझं सगळं थोडक्यातच भागतंय!” सिद्धोधन त्याला सुनवायचा.

म्हातारी आल्यावर त्यानं ती मालिका बंदच ठेवली होती. पण एका संध्याकाळी तिनंच विचारलं, “ती साडेसातची का लावंना तुमी? आमच्या शेजारच्या दैवशालाकडं लागतीय, पर तितं पोरांच्या गलक्यात काय कळत न्हाई.” डॉक्टर नेमकं काय म्हणाले होते ते राहिलं बाजूला, तिनं स्वतःच ठरवलं होतं की चष्मा येईपर्यंत टीव्हीकडं बघायचं नाही. म्हणून ती टीव्हीकडं पाठ करून, गॉगल लावून बसली आणि हुकूम सोडला, “तू सांग. तुझं कामच सांगायचं हाय.”

रामहरी त्या वेळेला आत भाकरी थापायचा. सापडला तो सिद्धोधन.

“हे दोघं कोण?” तिनं दुसऱ्याच दिवशी विचारलं.

“मित्र हायेत, मावशी.”

त्याच भागात निशांत आईला म्हणाला, ओंकारशिवाय मी नाही जगू शकत. सगुणाबाईनं मान वळवली. “डोळे गेल्यात माझे. कान न्हाईत गेले.”

“जोडा हाय त्यांचा,” सिद्धोधन कसाबसा म्हणाला. दोन दिवस म्हातारीनं त्या दोघांबद्दल एक शब्द विचारला नाही. तिसऱ्या दिवशी गाणं लागलं तशी म्हणाली, “आता काय करायलेत ते? नुसतं गाणंच वाजतंय.”

पडद्यावर दोघं खिडकीत उभे. काही नाही म्हटलं असतं तर सिद्धोधन सुटला असता. पण त्याला ते म्हणवेना. सात वर्षांनंतर काही नाही? आणि म्हातारी त्या गाण्यात मनानंच काहीबाही भरून घेईल, तेही त्याला नको होतं. गाडी दिसायच्या आधी तिचं नाव पुकारायची सवय असलेला माणूस, बोलून गेला.

“ओंकारचा खांदा दुखायलाय. निशांत तेल लावायलाय.”

“कसलं?”

“लसूण घालून कढवलेलं.”

“आसं,” सगुणाबाई म्हणाली.

मग रोजच सुरू झालं. गाणं लागलं की म्हातारी विचारणार आणि हा सांगणार. आज निशांत त्याच्या पायाची नखं काढायलाय. आज ओंकारनं आपल्या भाकरीचा खरपूस पापुद्रा त्याच्या ताटात टाकला. मुंबईच्या त्या घरात तीन वर्षांत कुणी भाकरी खाल्ली नव्हती, पण म्हातारीला कुठं दिसत होतं! सांगताना सिद्धोधनचा जीव जरा थाऱ्यावर यायचा, आणि गाणं संपलं की परत चष्म्याची तारीख आठवायची. एके दिवशी तर कहरच केला.

“आता डोक्यातला कापूस काढायलाय.”

“कापूस? ते जिनिंगला हायेत व्हय?”

सिद्धोधननं जीभ चावली. “न्हाई... उशी फाटली त्यांची.”

“मग कसा काढायलाय?”

“ओल्या पंच्यानं. आधी भुवया, मग कान. कोरडा काढला की डोळ्यात जातंय.”

आत भाकरी थापायचा आवाज थांबला. रामहरी पिठाच्या हातानं दारात येऊन उभा राहिला होता. एकोणीस हंगाम त्याच्या भुवयांतला कापूस असाच निघाला होता, आणि माय आल्यापासून तो नळावर तोंड धुऊन, डोळा चोळत घरात यायचा. तो तसाच आत गेला. त्याच्या त्या गप्प बसण्याचा सिद्धोधनला वीट आला होता.

चष्मा आला. रामहरीला हंगामात सुट्टी नव्हती, म्हणून सिद्धोधनच म्हातारीला परभणीच्या दवाखान्यात घेऊन गेला आणि घेऊन आला. दुपारभर ती घरातली एकेक वस्तू बघत फिरली, भिंत, डबे, आपलेच हात. मग टीव्हीसमोर ठाण मांडून बसली. मालिकेचे आठवड्याचे भाग परत लागले होते. सिद्धोधन दाराजवळ उभा, पळता येईना आणि बसता येईना.

ज्यात त्यानं उशी फाटल्याचं सांगितलं होतं तोच भाग लागला. गाणं लागलं. दोघं खिडकीत उभे राहिले, पडदा उडाला.

“कापूस कुठं हाय?” सगुणाबाईनं विचारलं.

सिद्धोधन दाराची कडी उगाच वरखाली करत राहिला.

पुढचा भाग लागला, परत गाणं, परत पडदा. “नखं? भाकर? ह्यांनी तर एकमेकाला हात बी लावला न्हाई. तू कुठलं सांगत होतास मला?”

आता ही बोरीच्या भावकीला सांगणार, आणि रामहरी ‘बघू’ म्हणणार, असं सिद्धोधनच्या मनात आलं.

तेवढ्यात रामहरी आला. पाळी संपवून तसाच, नळावर न थांबता. डोकं कापसानं पांढरं, भुवया पांढऱ्या, डावा डोळा लालभडक, आणि तो डोळा मनगटानं चोळत होता.

“आरं चोळू नको!” सिद्धोधन ओरडला. पंचा कधी ओला केला, कधी त्याच्या हनुवटीला धरून तोंड उजेडाकडं वळवलं, त्याचं त्याला कळलं नाही. माय आल्यापासून सदतीस दिवस आवरलेला हात होता तो. आधी डावी भुवई, मग उजवी. मग त्याचं लक्ष गेलं. सगुणाबाई नव्या चष्म्यातून दोघांकडं बघत होती.

सिद्धोधननं हात मागं घेतला. रामहरीनं ते मनगट पकडलं.

“थांबू नको,” तो म्हणाला, मायसमोर, मोठ्यानं. “कान राहिलाय.”

सिद्धोधनच्या डोळ्यांत पाणी आलं. महिनाभर ज्याच्यासाठी जीव टांगणीला लागला होता ते हे एवढं बोलणं होतं, आणि ते बोलायला त्या माणसाला सदतीस दिवस लागले. त्यानं कान पुसला. मग दुसरा कान पुसला.

म्हातारी उठली. आत गेली, आपली गोधडी-उशी उचलून बाहेर घेऊन आली, आणि सिद्धोधनची वळकटी पायानं आतल्या खोलीच्या उंबऱ्याकडं सरकवली.

“मला हितं टीव्हीम्होरं बरं वाटंल,” ती म्हणाली. आवाज कापत होता, रागानं की कशानं कोण जाणे. “ही आत टाका. अन् मला कुणी काय सांगू नका. बोरीच्यांनी विचारलं तर म्या बी काय सांगणार न्हाई.”

“माय...” रामहरी म्हणाला.

“गप बस. सांगितलं ना.”

साडेसात वाजले आणि मालिका लागली. सगुणाबाईनं पदरानं चष्मा पुसला, परत घातला, आणि पाठ न करता नीट समोर बसली. गाणं सुरू झालं. निशांत आणि ओंकार खिडकीत जाऊन उभे राहिले, आणि हातभर अंतरावरून एकमेकांकडं बघू लागले.

म्हातारीनं थोडा वेळ वाट बघितली.

“सात वर्सं झाली म्हणं,” ती वैतागून म्हणाली, “अन् ह्या मेल्यांना अजून एकमेकाला तेल बी लावता येईना.”