राजेश्वरआप्पांनी दाखवलेलं बोट

सिरसाळ्यात किराणा दुकानं रगड, पण नुसतं "आप्पाच्या दुकानातून आण" म्हटलं की लेकरू सरळ राजेश्वरआप्पांकडंच जातं. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात चांदीची डबी, डबीत इष्टलिंग आणि जिभेवर खडीसाखर. लिंगायताचं लिंग अंगावरून उतरत नाही. न्हाताना, झोपताना, तापानं फणफणलेलं असतानाही ते छातीवरच. आप्पा या बाबतीत भलतेच कडक. कपिलधारच्या यात्रेला पायी निघाले की म्हातारीकोतारी माणसं त्यांच्या पाया पडायला येतात. आप्पा "नको, नको" म्हणतात आणि पाय जरासा पुढं करतात.

दुकानासमोर अजीजभाईचा फळांचा गाडा. हिवाळ्याच्या तोंडाला सीताफळं, उन्हाळ्यात आंबे, मधल्या दिवसांत केळी आणि बारमाही गप्पा. आप्पा आणि अजीज शाळेत एका बाकावर बसले, एका गुरुजींचा मार खाल्ला. तेव्हापासून अजीज त्यांना "राजा" म्हणतो. गावात आप्पांना एकेरी हाक मारणारा हा एकटाच. दुसऱ्यानं मारून बघावी, त्याच्या मालाचं माप चुकेल.

तर हे दोघं दुबई बघायला गेले. कल्पना अजीजची. पोरं मार्गी लागली, धाकट्या अलिनाची सोयरीक बीडच्या मुस्तकीम मिस्त्रीच्या अरमानशी ठरली. तिच्या लग्नाच्या धांदलीत पडायच्या आधी एकदा विमानात बसून घेऊ, असं त्याचं म्हणणं. परळीच्या एका टूरवाल्यानं तालुक्यातली माणसं गोळा केली आणि निघायच्या आधी सगळ्यांना बसवून शिकवणी घेतली. पासपोर्टच्या खिडकीशी एकेकट्यानं जायचं. कशाला चाललात विचारलं तर "फिरायला" म्हणायचं, पुढं रामायण सांगायचं नाही. दुसऱ्याचं सामान आपलं म्हणून घ्यायचं नाही. आणि परत येताना दोन वाटा असतात. हिरवी वाट म्हणजे माझ्याकडं सांगण्याजोगं काही नाही. लाल वाट म्हणजे आहे बाबा, काय कर होईल तो घ्या. "फिरायला गेलेल्या माणसानं सोनं आणलं तर लाल वाटेनंच यायचं," असं त्यानं बजावलं. आप्पांनी सगळ्यांत जोरात मान हलवली.

जाताना गंमत झाली. पासपोर्टच्या खिडकीतल्या साहेबानं आप्पांना "कशाला चाललात?" विचारलं, तर आप्पांनी ईश्वरीच्या, म्हणजे लेकीच्या, सासरपासून सुरुवात केली. साहेबानं दमानं ऐकलं, शिक्का मारला आणि "सुखरूप या" म्हणाला. अजीजचे अंगठे मशीनवर उमटेनात. फळांच्या चिकानं बोटं पार गुळगुळीत झालेली. "साहेब, अल्लानं मला बिनसहीचा पाठवलाय," असं म्हणून त्यानं त्या कोऱ्या चेहऱ्याच्या माणसालाही हसवलं.

तपासणीत मात्र आप्पांच्या डबीनं मशीन वाजलं. ट्रेमध्ये ठेवा म्हणाले, आप्पा हटून बसले. शेवटी एका जवानानं बाजूला घेऊन डबी उघडायला लावली, आतलं लिंग बघितलं, पट्कन हात जोडले. त्या हात जोडण्यानंच घात केला. आप्पांच्या मनात किडा शिरला तो तिथं.

दुबईच्या बाजारात आप्पांनी एक सोन्याचं नाणं घेतलं. ईश्वरीला दिवस गेलेले, पहिल्या नातवाच्या नावानं. घेतलं तर घेतलं, लाल वाटेनं यायचं, मोकळं व्हायचं. पण वाण्याचा जीव. परतीच्या दिवशी हॉटेलच्या न्हाणीत त्यांनी दाराला कडी घातली, लिंग काढून धुतल्या कापडात बांधलं, ती पुरचुंडी बनियनच्या आतल्या खिशात ठेवली आणि डबीत बसवलं नाणं. लिंग अंगावरून ढळलं कुठं? छातीलाच आहे की. फक्त खोली बदलली. अशी स्वतःची समजूत घालून आप्पा विमानात बसले आणि रस्ताभर अजीजशी एका शब्दापलीकडं बोलले नाहीत.

"राजा, तब्येत बरी हाय ना?"

"हाय."

"मंग थोबाड कावून असं? शिवम्मावहिनीची आठवन आली का बे?"

आपल्या विमानतळावर उतरले. आप्पा हिरव्या वाटेनं निघाले. एका साहेबानं हात आडवा केला.

"काय आणलंत बाबा?"

"खजूर."

"सोनं?"

"छे, छे!" आप्पा म्हणाले, आणि त्यांचा हात आपोआप डबीवर गेला.

"गळ्यात काय आहे?"

"इष्टलिंग, साहेब. लिंगायत हाय मी."

साहेबानं डबीकडं बघितलं, मग कपाळाकडं. त्या थंडगार हॉलमध्ये विभूतीचे पट्टे घामानं नाकावर उतरायला लागले होते. "इतका घाम कशाचा?" साहेबानं विचारलं.

आता ऐका. आप्पा "मला बरं वाटत न्हाई" म्हणू शकले असते. "नाणं हाय" म्हणू शकले असते. त्यांनी हात उचलला आणि पाठीमागं बोट दाखवलं. "मी न्हाई साहेब... ते. त्यांच्याकडं सामान लई हाय."

पाठीमागं अजीज वाकून घरंगळलेला खजुराचा डबा उचलत होता. त्याला ना बोट दिसलं, ना शब्द ऐकू आला. साहेब आप्पांना म्हणाला, "तुम्ही व्हा पुढं," आणि अजीजला बाजूला घेतलं.

आप्पा काचेच्या दाराबाहेर आले. ते दार बाहेर पडणाऱ्याला उघडतं, परत आत शिरणाऱ्याला नाही. आप्पांनी नंतर स्वतःला हे कारण पुष्कळदा सांगितलं. पण काचेतून दिसत तर होतं. अजीजची बॅग पालथी केली. अलिनाची ओढणी झटकली, बायकोसाठी, हजराबीसाठी घेतलेली अत्तराची कुपी उजेडात धरली. खजुरात सोनं दडवून आणणारे असतात म्हणे, म्हणून एकेक खजूर चिरायला घेतला. अजीज शेजारी उभा राहून म्हणत होता, "साहेब, बी काढतायच तर आता दूध-बदाम बी घाला. घरी जाऊन शीरखुर्म्याचं काम वाचंल."

काही सापडलं नाही. साहेबानं "तसदी दिली, माफ करा" म्हटलं, अजीजनं चिरलेले खजूर पिशवीत भरले आणि हसत बाहेर आला. पण टूरमधले आमचे सुंदरराव तोवर फोनला चिकटले होते. सुंदररावांच्या पोटात ताक टिकतं, बातमी टिकत नाही. "अजीजला धरलाय बरं का. सोन्याचं काहीतरी हाय." सुटला, हे सांगायला त्यांनी पुन्हा फोन केला नाही. त्यात काय मजा? बस घाट चढेपर्यंत सिरसाळ्यात सोन्याची बिस्किटं झाली होती. बस बीडला पोहोचली तेव्हा विटा झाल्या.

अजीजनं आधी चेष्टेवारी नेलं. गाड्यावर आलेल्या गिऱ्हाइकाला म्हणायचा, "केळं सोलून बघून घ्या, माझा भरोसा न्हाई." लोक हसायचे. समोर आप्पा गूळ जोखत बसलेले, दर हसण्याला त्यांच्या तराजूचा काटा हलायचा. एका बाईनं मागितली हळद, त्यांनी बांधून दिलं बेसन.

सकाळची पूजा तर पार बिघडली. लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं आणि त्याच्याकडं टक लावून बसायचं, ही त्यांची जन्माची सवय. आता नजर ठरेना. विभूतीत बोट बुडवायला जावं तर दिसायचं, हेच ते बोट. उजवं सोडून डाव्यानं विभूती लावायला लागले. सटवा न्हाव्यानं विचारलं, "आप्पा, हाताला काय झालं?" "लचकलाय," म्हणाले. मग सटव्याच्या तोंडून गावभर तेच.

आप्पांच्या बायकोला, शिवम्माकाकूंना कळलं ते वेगळ्याच वाटेनं. आप्पा आता आंघोळीला पुरचुंडी तेवढी संगं नेत आणि डबी खुंटीला टांगत. चांदी काळी पडलेली दिसली म्हणून काकूंनी ती घासायला घेतली. दुबईहून आल्यावर लिंगाची पुरचुंडी परत डबीत घालायची आप्पांची छाती झाली नव्हती आणि नाणं बाहेर काढायचीही नाही. काकूंनी झाकण उघडलं. आप्पा पंचा गुंडाळून बाहेर आले तर काकू चुलीपुढं नाणं धरून बसलेल्या.

आप्पांनी सगळं सांगितलं. बोटाचंही.

काकू चिंच लावून डबी घासत म्हणाल्या, "ही निघंल चकचकीत. तुमाला कुनी घासायचं?"

तेवढ्यात बीडहून सांगावा आला. मुस्तकीम मिस्त्री इंजिनं दुरुस्त करतो, माणूस सरळ, पण नाकानं वास घेत चालणारा. त्यानं कळवलं, "लग्नाचं जरा थांबू." जरा म्हणजे किती, ते सांगितलं नाही. हजराबीनं जेवण टाकलं. अलिना गाड्यावर बापाचा डबा घेऊन यायची, ती यायची बंद झाली. अजीजची चेष्टाही बंद झाली.

एका दुपारी अजीज गाडा तसाच टाकून आप्पांच्या दुकानात आला.

"राजा, माझ्यासंगं बीडला चल."

"कशाला?"

"तू तिथंच व्हतास. मिस्त्रीला सांग, अजीजपाशी काय सापडलं न्हाई. तुझ्या शब्दाला मान हाय बे. कपाळ बघूनच मानतेत लोक."

आप्पांनी काकूंकडं बघितलं. काकूंनी न विचारता त्यांचा धुतलेला सदरा आणून गादीवर टाकला.

जाताना जीपमध्ये आप्पांनी मनाशी पक्कं केलं होतं, जेवढं विचारतील तेवढंच सांगायचं. काही सापडलं नाही, हे खरंच आहे. खरं बोललं की पाप कसलं? मिस्त्रीनं दोघांना आत बसवलं, चहा आणवला. आप्पा म्हणाले, "मिस्त्री, मी डोळ्यांनी बघितलंय. एकेक खजूर चिरला. काय बी निघालं न्हाई."

"तुमी म्हणताव तर मानलं आप्पा," मिस्त्री म्हणाला. "पण मला एकच सांगा. पुरं विमान भरून मानसं उतरली. त्यातून यालाच कावून बाजूला घेतलं? साहेब लोक काय येडे हायेत? इंजिनातून धूर निघतो तवा आत कायतरी जळत असतंयच."

अजीज म्हणाला, "मिस्त्री, मला खरंच ठावं न्हाई. राजालाच इचारा, तो पुढंच व्हता."

आणि दोघंही आप्पांकडं बघायला लागले. अजीजच्या नजरेत तर नुसता भरवसा. शिव्या दिल्या असत्या तर आप्पांनी निभावून नेलं असतं. भरवसा त्यांना झेपला नाही. चहाची बशी त्यांनी खाली ठेवली. सदऱ्यातून डबी काढली, उघडली आणि नाणं मिस्त्रीच्या पुढ्यात ठेवलं.

"सोनं माझ्यापाशी व्हतं. देवाच्या जागेत घातलं व्हतं. साहेबाला माझाच संशय आला, तवा मी अजीजकडं बोट दाखवलं."

मिस्त्री नाण्याला हात न लावता म्हणाला, "तोबा." मग अजीजकडं वळून, "सोयरीक कायम हाय अजीजभाई. माझीच चूक झाली." त्यानं अजीजचा हात धरला. आप्पांचा कुणी धरला नाही.

बाहेर रस्त्यावर आल्यावर अजीज थांबला.

"नाणं दडवलंस, ते तुझं तू आन् सरकार बघून घ्या. बोट कावून दाखवलंस?"

"भ्यालो."

"मंग मला सांगायचं व्हतं. दोघं मिळून भ्यालो असतो." एवढं बोलून तो दुसऱ्या जीपमध्ये बसला. आप्पा आपले एकटे परतले.

आप्पांनी पुढं परळीचा वकील गाठला, दंडासकट कर भरायची वाट विचारली. वकील आधी हसला, मग खुर्चीत ताठ बसला, कारण आपण होऊन असं विचारायला आलेला माणूस त्यानं बघितलेला नव्हता. नाणं त्याच्यामार्फत सरकारकडं गेलं. ईश्वरीला आप्पांनी कारणासकट सगळं कळवलं. लिंग धुऊन, पूजा करून डबीत परत आलं. पण समोरचा गाडा दोन दुकानं पलीकडं सरकला. आप्पांना आता कुणी "राजा" म्हणेना.

लग्न जवळ आलं तेव्हा अजीज दुकानाच्या पायरीशी आला. वर चढला नाही.

"गोड्या जेवनाची पंगत तू सांभाळायची," तो म्हणाला. आमच्याकडं मुसलमानाच्या लग्नात हिंदू पाहुण्यांचा गोडा, म्हणजे बिनमटणाचा, स्वयंपाक वेगळ्या चुलीवर होतो, आणि तो बघायला घरातलाच वाटावा असा एखादा हिंदू लागतो.

"सांभाळतो की!" आप्पांचा चेहरा उजळला.

"थांब. सुंदररावानं फोन करून सांगितलं, तसं मला करता येत न्हाई. तू वाढायचंस. आन् ज्याच्या पानात वाढशील त्याला सांगायचंस, काय झालं ते. एकालाबी सोडायचं न्हाई."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना राजा."

तो शब्द ऐकला आणि आप्पा हो म्हणून बसले.

लग्नाच्या दिवशी मांडवाच्या एका अंगाला गोडी पंगत बसली. आप्पा भाताची बादली घेऊन निघाले. पहिल्या पानाशी वाकले, पुटपुटले, "अजीजकडं सोनं न्हवतं, माझ्याकडं व्हतं. बोट मी दाखवलं." तो पाहुणा अंबाजोगाईचा, त्याला आगापिछा माहीत नाही. म्हणाला, "बरं. वरण बी येऊ द्या." पुढच्यानं घास हातातच ठेवला. सुंदरराव दिसल्यावर आप्पा म्हणाले, "सुंदरराव, आता लाव फोन." सुंदररावांनी मान खाली घालून भाताचं आळं करायला घेतलं, तेही चांगलं मोठं. मोठी माणसं, पाया पडणारी माणसं, वकील, सटवा, सगळ्यांच्या पुढं आप्पा वाकत होते, आणि पंगतीच्या मध्यावर येईपर्यंत आवाज घोगरा झाला होता.

तिथं बसलेले धुळाजी. कानानं ठार.

"काय म्हणालास?"

आप्पांनी पुन्हा सांगितलं.

"आरं, जोरात बोल की! लग्नात लाजतो काय?"

आप्पांनी बादली खाली ठेवली. कमरेवर हात टेकले आणि मांडवाच्या दुसऱ्या टोकाच्या खाऱ्या, मटणाच्या पंगतीपर्यंत पोहोचेल अशा आवाजात बोलले. शब्द न् शब्द. ताटांचा आवाज थांबला. हजराबी पडद्याआडून डोकावली. धुळाजी "असं व्हय," म्हणून भात कालवायला लागले.

तिकडून अजीजचा आवाज आला, "आप्पाऽ, पुढच्या पानात भात न्हाई."

आप्पांनी ते "आप्पा" ऐकलं, बादली उचलली आणि पुढच्या पानाशी वाकले.