मागून बोलणारे अण्णा

आमच्या जयनगरच्या अण्णांइतकं खरं बोलणारा माणूस अख्ख्या बेंगळुरात सापडायचा नाही, आणि गंमत म्हणजे त्यातलं एकही वाक्य त्यांचं स्वतःचं नसतं. अण्णा आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. मूळचे बेळगावकडचे, उभा जन्म कोर्टात दुभाषी. साक्षीदाराचं, आरोपीचं मराठी कन्नडात सांगायचं, तेही "तो म्हणतो" असं नाही, थेट "मी". डास मारताना दोनदा विचार करणाऱ्या या माणसानं "होय, मीच खून केला" असं भर कोर्टात किती वेळा कबूल केलंय कोण जाणे! बायको गेल्यावर मुलानं त्यांना इथं आणलं आणि स्वतः अमेरिकेला पळाला.

त्यांच्यासमोर 'भाषांतर' म्हणालात की मेलात. "तर्जुमा अरबांकडनं आला, कोर्टात बसला, तो उठलाच नाही बघा. इंग्रजांचा शब्द ट्रान्स्लेशन, म्हणजे इथनं उचलून तिथं नेणं. त्यांच्या चर्चमध्ये संतांची हाडं हलवायचे, त्यालाही तोच शब्द!" हे त्यांनी आमचं कपाट जिन्यात धरून उभ्या असलेल्या हमालांना ऐकवलं होतं. "आपला शब्द अनुवाद. अनु म्हणजे मागून, वाद म्हणजे बोलणं. मागून बोलायचं, पण सगळं बोलायचं की!" एकदा रिक्षावाला माझ्यावर भडकला, तर अण्णांनी शांतपणे "गाढवा, उतर खाली" असं मलाच सुनावलं, वर नाकही फेंदारलं, कारण त्यानं फेंदारलं होतं.

अशा माणसाला मी माझ्या लग्नाच्या बोलणीला नेलं. दुर्बुद्धी, दुसरं काय! चैत्रा माझ्या ऑफिसातली. तिच्या वडिलांना फक्त कन्नड येई, पुण्याहून आलेल्या माझ्या आईला फक्त तोंड सोडणं. सगळं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात आई माझ्या कानात कुजबुजली, "पोरगी सोन्यासारखी आहे रे, पण बापाचं तोंड बघ, एरंडेल प्यायल्यासारखं!" अण्णांनी तोंडावर हात धरून, तस्संच कुजबुजत, सगळ्यांना ऐकू जाईल असं ते कन्नडात सांगितलं.

माझं लग्न तिथंच मोडलं असं मी धरून चाललो. चैत्राच्या वडिलांनी कप खाली ठेवला आणि हळूहळू काहीतरी बोलले. अण्णा आईकडे वळले. "ताई, बायको गेल्यावर मी पोरीला एकट्यानं वाढवलं. ती जाणार म्हणून सकाळपासून माझ्या घशाखाली घास उतरला नाही. तोंड आणखी कसं होणार?"

माझ्या खडूस आईनं चक्क डोळ्याला पदर लावला आणि लाडवांची बशी पुढे सरकवली. "आधी खा हो तुम्ही!" अण्णांनी तेही त्याच दटावणीच्या सुरात सांगितलं, आणि लग्न ठरलं.

बाहेर आल्यावर मी चिडलो, "अण्णा, ते एक वाक्य गिळता आलं नसतं?"

"गिळायचं तर मला कशाला आणलास?"

लग्नानंतर आई आमच्याकडेच राहिली. ती आणि व्याही 'स्वल्प' म्हणजे थोडं, 'सरी' म्हणजे बरं, एवढ्या शब्दांवर आणि हातवाऱ्यांवर तासन्‌तास भांडू लागले. अण्णा मध्ये बसून आपली पाळी येण्याची वाट बघायचे, पण कुणी थांबेचना. मग ते येईनासे झाले. जेवायला बोलावलं की "जेवलो की" म्हणायचे. वर कुकरची शिट्टी मात्र दिवसचे दिवस होत नसे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

एका रविवारी चैत्रानं त्यांना ओढूनच खाली आणलं. आईकडे बघून कन्नडात भडाभडा काहीतरी बोलली आणि म्हणाली, "अण्णा, अत्तेंना, सासूबाईंना सांगा." आईला एव्हाना एवढं कन्नड कळायला लागलं होतं, तरी ती ढिम्म बसून राहिली.

अण्णांनी घसा खाकरला. "आई, अण्णा वर उपाशी राहतात आणि जेवलो म्हणून खोटं सांगतात. मला बघवत नाही. उद्यापासून त्यांनी..." ते थांबले. आम्ही कुणीच मदतीला गेलो नाही. शब्द गाळायचा नाही, हा नियम त्यांचाच होता.

"उद्यापासून त्यांनी रोज इथंच जेवावं," अण्णा खाली बघत म्हणाले.

"सरी," आई म्हणाली आणि त्यांचं पान वाढायला उठली.