ती जागा तिची

डहाणूपासून तलासरीपर्यंत भिंतीला विचारल्याशिवाय तिला हात न लावणारा चितारी एकच, आणि तो नेमका माझ्या वाट्याला आला. बोर्डीच्या आमच्या घराच्या कुंपणाची भिंत रंगवायला बोलावलं, तर आठवडाभर हा चिकूखाली नुसता बसून. मी वैतागलो, तर म्हणाला, “मास्तर, डोंगर वळखीचा झाला, वाडी झाली. घर अजून बोलत नाय.”

बायको आतून म्हणाली, “मास्तरांचं घर ते! विचारल्याशिवाय बोलायचं नाही, असं शिकवलंय त्याला.”

मग एका सकाळी घर बोललं असावं. चावून मऊ केलेली बांबूची काडी पांढऱ्या रंगात बुडवून त्याने डोंगर, बकऱ्या, ताडावर चढणारी माणसं काढली. शेजाऱ्याने तोडलेला आंबाही काढला. शेजारी भांडायला आला, तर म्हणे, “तुमी तोडला. भिंतीनं कुठं तोडलाय?” मलाही छत्रीसकट काढलं. माझं पोट कुठे गेलं विचारलं, तर म्हणाला, “दोन तिकोण जोडले की मानूस होतो, मास्तर. पोटाला जागा नाय.”

मधोमध मात्र नक्षीदार चौक काढून आत काहीच काढलं नाही. “ती जागा तिची हाय,” एवढं बोलून काडी धुतली आणि निघाला. मी तिथे ऑइलपेंटने घराचं नाव घातलं, खाली ‘कुत्र्यापासून सावध राहा’. कुत्रा आमच्याकडे कधीच नव्हता. वर गावभर सांगितलं, चितारी काम अर्धवट टाकतो. मास्तरांचा शब्द! बोर्डीत त्याला पुन्हा कुणी भिंत दिली नाही.

तरी इतक्या वर्षांनी यंदा त्याने नातीच्या लग्नाला तलासरीकडच्या पाड्यावर बोलावलं. कुडाच्या भिंतीवर तसाच चौक होता. लग्न लावणारी धवलेरी गात होती, सवाशिणी चौकात देवी काढत होत्या, आणि हा जन्माचा चितारी बाहेर मांडवाला पानं बांधत होता.

“तू नाही काढत?”

“देवी लग्नातच येते, मास्तर. बायकाच तिला बसवतात. मी फकत घर करून ठेवतो.”

हातातला चहा मी खाली ठेवला. म्हटलं, “तुझ्या देवीच्या जागी मी कुत्रा बसवला रे.”

तो खोकला येईपर्यंत हसला. “राखण तं झाली ना!”

त्याने काम अर्धवट टाकलं नव्हतं, हे आता बोर्डीत दारोदार सांगतोय. ज्यांना खोटं सांगितलं, त्यांतले निम्मे ऐकायला उरलेले नाहीत. भिंतीवरचं नाव आणि खालचा कुत्रा मी खरवडून काढला. चौक रिकामा आहे. संध्याकाळी त्याच्यासारखाच चिकूखाली बसून राहतो. घर अजून माझ्याशी बोललेलं नाही.